दर पावसाळ्यात त्याच पायाने लंगडणारी घोडी: खुरात पू परत परत का धरतो?

तक्रार बहुधा अशी असते. घोडी काल संध्याकाळपर्यंत नीट चालत होती आणि आज सकाळी पुढचा एक पाय जमिनीला टेकवायलाच तयार नाही. पाय मोडला की काय, या भीतीने डॉक्टरांना बोलावले जाते. ते तळवा कोरतात, काळपट, घाण वासाचे पाणी बाहेर येते, दुसऱ्या दिवशी घोडी बरीच सावरते आणि आठवड्याभरात पूर्ववत चालू लागते. मालक सुटकेचा निःश्वास सोडतो. मग दोन महिन्यांनी, किंवा पुढच्या पावसाळ्यात, तोच पाय, तीच जागा आणि तोच प्रकार पुन्हा घडतो.

माझ्या घोडीच्या बाबतीत हे सलग दोन पावसाळ्यांत तीन वेळा झाले. घोडी भीमथडी जातीची, फलटणकडच्या एका धनगर कुटुंबाकडून घेतलेली, आणि मी राहतो मुळशीच्या बाजूला, म्हणजे धुवांधार पावसाच्या प्रदेशात. साहजिकच सगळा दोष पावसाला आणि चिखलाला देऊन आम्ही मोकळे झालो होतो. तो निष्कर्ष अर्धाच खरा होता आणि उरलेला अर्धा सापडायला दोन वर्षे गेली. त्या शोधात जे तपासावे लागले, ते ज्या क्रमाने तपासायला हवे होते त्या क्रमाने येथे मांडत आहे.

खुराची रचना: निदान एवढी तरी माहीत हवी

घोड्याचा खूर म्हणजे एकाच बोटाभोवती वाढलेले जाड नख आहे. बाहेरून दिसते ती भिंत. तिला नसा नाहीत, म्हणूनच तिच्यात खिळे ठोकता येतात. ही भिंत वरच्या कडेला, केस जिथे संपतात त्या पट्टीतून जन्म घेते आणि महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर या वेगाने खाली सरकते, म्हणजे टोकाकडची भिंत वरपासून खालपर्यंत पूर्ण नवी व्हायला नऊ महिने ते वर्ष लागते. वरच्या कडेच्या त्या पट्टीला डॉक्टर कॉरोनेट म्हणतात. खालून पाय उचलून पाहिल्यास मधोमध त्रिकोणी, रबरासारखी पुतळी दिसते, जिला इंग्रजी पुस्तके फ्रॉग म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना खोल खाचा असतात, आणि बाकीचा किंचित खोलगट भाग म्हणजे तळवा.

तळवा आणि भिंत जिथे जुळतात तिथे एक अरुंद रेघ असते. तिचे नाव पांढरी रेघ, प्रत्यक्षात ती पिवळसर असते. या लेखातील जवळजवळ सगळे प्रकरण या रेघेत घडते, कारण खुराच्या बाहेरच्या कवचातील ती सर्वांत मऊ जागा आहे. ती रुंदावली, कुजली किंवा तिच्यात खडा रुतला, की जंतूंना आत जायला दरवाजा मिळतो.

आतली रचना मात्र बहुतेक घोडेवाल्यांना ठाऊक नसते आणि मलाही नव्हती. पायाचे शेवटचे हाड तळव्यावर ठेवलेले नसते, तर ते भिंतीला आतून टांगलेले असते. भिंतीच्या आतल्या अंगाला सुमारे सहाशे उभे पापुद्रे असतात, त्या प्रत्येकावर शंभराहून अधिक बारीक पापुद्रे असतात, आणि हाडावरच्या कातडीचे तसेच पापुद्रे त्यांच्यात एकमेकांत गुंतलेले असतात. चारशे किलोचा घोडा या गुंतवणीवर उभा असतो, आणि त्यातले निम्म्याहून अधिक, सुमारे साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर येते. पापुद्र्यांच्या या थराला लॅमिना म्हणतात आणि त्याच्या दाहाला लॅमिनायटिस. हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे.

ज्याला नखुरडे झाले आहे त्याला पू इतका का ठणकतो हे सांगावे लागत नाही. मऊ मांसात गळू झाले तर ते फुगून स्वतःला जागा करून घेते. खुराचे कवच तसूभरही हलत नाही, त्यामुळे चमचाभर पूसुद्धा घोड्याला तीन पायांवर उभा करतो. दुखणे किती तीव्र आहे यावरून आजार किती गंभीर आहे हे ठरत नाही, ते एवढ्याचमुळे.

पहिला तास: पूच आहे ना?

पुढच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्याची मान पाहावी. दुखरा पाय टेकताना तो डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली टाकतो. मागच्या पायाच्या बाबतीत दुखऱ्या बाजूच्या पुठ्ठ्याची हालचाल अधिक दिसते. पाय ओळखला की शोध खालून वर करावा, वरून खाली नाही. आमच्याकडे घोडा पुढच्या पायाने लंगडला की लोक खांदा चोळायला, तेल लावायला आणि काही ठिकाणी चक्क डागायला घेतात. पुढच्या पायाच्या लंगडण्याचे मूळ बहुतेक वेळा खुरात असताना हा प्रकार म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा होतो.

खुराच्या वरचा पहिला मोठा सांधा, फेटलॉक, त्याच्या मागच्या अंगाला दोन्ही बाजूंनी बोटे हलकेच ठेवावीत. निरोगी घोड्याची नाडी तिथे शोधूनही पटकन लागत नाही. खुरात पू, मार किंवा दाह असेल तर ती बोटाखाली टणटण उडते. दोन्ही खुरांवर तळहात ठेवून उष्णता ताडून पाहावी. मग खूर कोरायच्या आकड्याने खूर स्वच्छ करून, ओल्या फडक्याने पुसून, पांढरी रेघ पूर्ण फेरीत डोळ्यांखालून घालावी आणि काळा ठिपका, भेग, रुतलेला खडा किंवा खिळ्याचे तोंड शोधावे. खुराचा चिमटा, म्हणजे हूफ टेस्टर, असेल तर दोन दोन बोटांच्या अंतराने दाबत जावे. पू असल्यास घोडा एका ठरावीक जागी पाय झटक्याने ओढून घेतो. तोच दाब दुसऱ्या, चांगल्या पायावरही देऊन पाहावा, कारण काही घोडी चिमट्याला नुसतीच वैतागतात.

येथे चार गोष्टी पूसारख्या दिसतात. पहिली म्हणजे तळव्याला लागलेला मार: दगडावरून चालल्यानंतर येतो, दुखणे त्या मानाने कमी असते, कोरल्यावर लालसर डाग दिसतो आणि विश्रांतीने काही दिवसांत उतरतो. दुसरी म्हणजे लॅमिनायटिस. यात बहुधा दोन्ही पुढचे पाय दुखतात, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागच्या पायांवर रेलतो, वळायला नकार देतो, आणि चिमट्याचा दाब पुतळीच्या टोकापुढच्या भागात लागतो. तिसरी म्हणजे खुरातल्या हाडाचा तडा, जो एक्स-रेशिवाय ठरवता येत नाही. चौथी गोष्ट सर्वांत घातक आहे: पुतळीत किंवा तिच्या बाजूच्या खाचेत घुसलेला खिळा. पुतळीच्या मधल्या भागात खोल गेलेला खिळा सांध्यापर्यंत, खुरातल्या लहानशा नाविक (नॅव्हिक्युलर) हाडाच्या पिशवीपर्यंत किंवा स्नायुबंधाच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. असा खिळा दिसला तर तो उपटण्याचा मोह आवरावा, पाय जमिनीवर दाबला जाणार नाही असा आधार द्यावा आणि डॉक्टर येईपर्यंत थांबावे, कारण खिळा जागेवर असतानाच घेतलेला एक्स-रे त्याने नेमके कुठे भोसकले आहे ते दाखवतो. काढणे भागच पडले तर जागा, दिशा आणि खोली यांची खूण करून, फोटो काढून मगच काढावा.

साध्या पूमध्ये ताप सहसा येत नाही. निरोगी प्रौढ घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. ते याच्या वर गेले असेल आणि सूज खुरापासून वर चढत असेल, तर प्रकरण खुरापुरते राहिलेले नाही असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे. फेटलॉकपर्यंतची थोडी सूज मात्र साध्या पूतही येते आणि त्यामुळेच पाय मुरगळल्याचा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

पू बाहेर काढणे

कोरण्याचे काम डॉक्टरांनी किंवा अनुभवी नालबंदानेच करावे. पांढऱ्या रेघेतील काळ्या रेषेचा माग घेत वर जायचे आणि पूला वाट मिळताच थांबायचे, एवढेच त्यातले सूत्र आहे. पेन्सिल जाईल एवढे भोक पुरते. तळव्यात मोठा खड्डा करणे हे धाडस नव्हे, चूक आहे. आतले मऊ मांस त्या खड्ड्यातून बाहेर डोकावू लागते आणि पूपेक्षा तो खड्डाच भरून यायला जास्त आठवडे घेतो. पहिल्या वेळी आमच्याकडे नेमके हेच झाले होते.

पूची वाट सापडत नसेल तर तळवा आंधळेपणाने कोरत बसू नये. कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे औषधी दुकानातील एप्सम सॉल्ट, भरपूर विरघळवून त्यात खूर पंधरा-वीस मिनिटे बुडवावा, नंतर त्याचाच ओला लेप लावून कापूस, वर लहान मुलांचा डायपर आणि त्यावर रुंद चिकटपट्टी असे बांधावे आणि रोज बदलावे. डायपर हसण्यावारी नेऊ नये, खुराला तो जितका नेमका बसतो तितके दुसरे काही बसत नाही. चिकटपट्टी केसांच्या पट्टीवर घट्ट आवळू नये, तेथील रक्तपुरवठा तुटतो. शेक-बुडवणे दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक लांबवू नये, कारण पाण्यात मुरलेले खुराचे शिंग, म्हणजे त्याचे टणक कवच, मऊ पडते आणि पुढच्या पूची पायाभरणी होते.

पू निघाल्यावर भोकात पोव्हिडोन आयोडिनचा बोळा भरून, खूर कोरडा ठेवून, आत टणक थर येईपर्यंत, म्हणजे एक ते दोन आठवडे, घोडी कोरड्या जमिनीवर ठेवावी. धनुर्वाताच्या लसीची तारीख त्याच दिवशी पाहावी. घोडा या जंतूला विलक्षण बळी पडतो, तो जंतू माती आणि लिदीत असतोच, आणि खुरातली बंद जखम त्याला हवी तशीच असते. लस झाली की नाही हे ठाऊक नसेल तर ‘नाही’ असे धरून डॉक्टरांना तसे सांगावे.

वेदनाशामकांविषयी एक गोष्ट लिहिणे आवश्यक आहे. गावच्या औषधाच्या दुकानात अजूनही ‘माणसांचेच इंजेक्शन द्या’ असे सांगणारे भेटतात. गिधाडांच्या विनाशाला कारण ठरल्यामुळे डायक्लोफिनॅकचा जनावरांसाठीचा वापर आपल्याकडे २००६ मध्ये बंद झाला आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक यांचाही. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित मानले जाते. कोणते औषध आणि किती हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे. प्रतिजैविकांचे इंजेक्शन बंद खुरातल्या पूवर फारसे चालत नाही, आणि वाट न देता नुसतीच इंजेक्शने दिल्यास दुखणे दबून आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा उसळते.

वाट मिळाल्यावर दुखणे एक-दोन दिवसांत ठळकपणे उतरले पाहिजे. तिसऱ्या दिवशीही घोडी तीन पायांवरच असेल तर पुन्हा तपासणी आणि एक्स-रे. घोडी आठवडेच्या आठवडे एका पायावर भार टाकत राहिली तर चांगल्या पायालाच लॅमिनायटिस होऊ शकतो. २००६ च्या केंटकी डर्बीचा, म्हणजे अमेरिकेतील प्रसिद्ध शर्यतीचा, विजेता घोडा बार्बारो मोडलेल्या उजव्या मागच्या पायातून सावरत असताना त्याच्या डाव्या मागच्या पायाला हेच झाले आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले.

पण तो परत का येतो?

पू हा पाहुणा आहे, दरवाजा कोणी उघडा ठेवला ते शोधायचे असते. पुनरावृत्तीचा काळ आणि जागा या दोन गोष्टी लिहून ठेवल्या तर निम्मे उत्तर मिळते. आम्ही दोन वर्षे त्या लिहिल्या नाहीत, परंतु खुरानेच त्या लिहून ठेवल्या होत्या. पूला खाली वाट मिळाली नाही तर तो भिंतीच्या आतून वर चढतो आणि केसांच्या पट्टीतून फुटतो. त्या जागी भिंतीत एक आडवी चीर राहते, आणि भिंत वाढेल तशी ती चीर खाली सरकते. तिसऱ्या वेळी, सप्टेंबरात, नव्या डॉक्टरांनी मोजपट्टी लावून दाखवले की केसांपासून अडीच सेंटिमीटरवर एक चीर आहे. महिन्याला आठ-दहा मिलिमीटर या हिशेबाने ती जूनच्या सुरुवातीची निघाली, म्हणजे आम्हाला ‘थोडी लचकली होती’ म्हणून आठवणारा तो आठवडा. जूनचा पू अर्धवट बाहेर पडून आतच राहिला होता आणि सप्टेंबरचा नवा नव्हताच.

तेव्हा दोन-तीन आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत त्याच जागी पू आला तर पहिला संशय अपुऱ्या निचऱ्याचा. नाल ठोकलेल्या घोड्यात तारखा नालबंदीशी जोडून पाहाव्यात: नाल ठोकल्यावर लगेच किंवा दुसऱ्या दिवशी लंगडला तर खिळा थेट मांसात गेला असावा, आणि चार ते दहा दिवसांनी लंगडला तर खिळा मांसाला चिकटून दाबत असावा आणि तिथे पू धरला असावा. अशा वेळी नाल एकदम न उचकटता एकेक खिळा सोडवून प्रत्येक खिळ्याला घोडी काय करते ते पाहावे आणि बाहेर आलेला खिळा ओला आहे का, त्याला वास येतो का हे तपासावे.

पू नेहमी एकाच नेमक्या ठिकाणी, विशेषतः टोकाकडे, येत असेल आणि तिथे पांढरी रेघ आतल्या बाजूला वाकलेली दिसत असेल, तर भिंतीच्या आत वाढणारी शिंगाची गाठ, केरॅटोमा, मनात धरावी. ती कर्करोगाची नसते, परंतु शेजारच्या हाडाला दाबून त्यात गोल खाच पाडते आणि एक्स-रेत ती दिसते. शस्त्रक्रियेशिवाय पू थांबत नाही. पूमुळे हाडाचा तुकडा मेलेला असेल तरीही निचरा कधीच पूर्ण सुकत नाही. टाचेच्या वर, केसांच्या पट्टीपाशी, महिनोन्‌महिने वाहणारे छिद्र असेल तर बाजूची कूर्चा कुजली असण्याची शक्यता असते. पंधरा वर्षांपुढच्या घोड्यात उन्हाळ्यातही लांब केस गळत नसतील आणि पू वारंवार होत असेल, तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या विकारासाठी रक्त तपासून घ्यावे. या सगळ्या गोष्टी तुलनेने दुर्मीळ आहेत, म्हणून त्या येथे चटकन उरकतो; मात्र तिसऱ्या पुनरावृत्तीनंतरही एक्स-रे न काढणे ही काटकसर नव्हे. गावात सोय नसेल तर परळ किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारावे, पाठवण्याची चिठ्ठी आपल्या डॉक्टरांकडून मिळते.

आमच्या घोडीचा एक्स-रे गाठ किंवा मेलेले हाड दाखवत नव्हता. त्याने दाखवले ते असे की खुराचे टोक फार पुढे गेले आहे, तळवा पातळ आहे, आणि भिंत हाडापासून किंचित दूर सरकली आहे.

टोक, पाणी आणि खुराक

टोकाचे गणित सोपे आहे. घोडा पाऊल उचलताना खुराच्या टोकावरून पुढे वळतो. टोक जितके लांब तितकी तरफ मोठी, आणि प्रत्येक पावलाला ती तरफ भिंतीला पुढे ओढत पांढरी रेघ फाकवते. फाकलेल्या रेघेत वाळू आणि लीद जाते, बुरशी आणि जंतू आतले शिंग खात वर चढतात आणि भिंतीच्या आत पोकळी होते. बाहेरून लहान हातोडीने टकटक केल्यास पोकळ भागाचा आवाज बदलतो, पिकलेल्या कलिंगडासारखा. आमचा नालबंद चार-चार महिन्यांनी येत असे आणि त्यात त्याचा दोष नव्हता, आम्हीच बोलावत नव्हतो. घोड्याला नाल असो वा नसो, साधारण चार ते आठ आठवड्यांनी खूर साळणे आवश्यक असते. पोकळी मोठी असेल तर तिच्यावरची सुटी भिंत कापून ती हवेला उघडी करावी लागते. झाकून, भरून ठेवलेली पोकळी आतल्या आत वाढते.

पाण्याविषयी आमचा समज सर्वस्वी खोटा नव्हता. चिखलात तासन्‌तास उभ्या असलेल्या खुराचे शिंग मऊ पडते, पुतळीच्या खाचा कुजून काळा, दुर्गंधी स्राव येतो, ज्याला थ्रश म्हणतात, आणि दुपारच्या उन्हात वाळून पुन्हा भिजल्याने बारीक भेगा पडतात. थ्रशचे जंतू हवेला भितात, म्हणून खाचा रोज कोरून, पुसून, कोरड्या करणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे. मोरचुदाचे पाणी किंवा पोव्हिडोन आयोडिन त्यानंतर, आणि मोरचूद उघड्या मांसावर कधीही नाही. गोठ्यासमोर, जिथे घोडी सर्वाधिक वेळ उभी राहते तिथे, खाली खडी आणि वर बारीक कच घालून पंधरा फूट बाय वीस फुटांची जागा उंच करून घेतली, एवढ्याने थ्रश जवळजवळ गेला. पू मात्र गेला नाही.

येथे त्या धनगर कुटुंबाची आठवण झाली. त्यांचे घोडे मुळात पावसाळ्यात कोकणात नसतातच. पावसाळाभर मेंढरांबरोबर ते फलटण-बारामतीकडच्या कमी पावसाच्या माळावर असतात आणि पाऊस सरल्यावर घाट उतरून कोकणात जातात; वर्षभर रोज कैक किलोमीटर चालतात, आणि मिळेल ते गवत खातात. ही जात टणक खुरांसाठी ओळखली जाते ती याच जगण्यामुळे. आम्ही तिला आणून मुळशीच्या पावसात उभी केली एवढेच नव्हे, तर प्रेमाने भिजवलेले हरभरे, गव्हाचा कोंडा, बाजरीचे पीठ आणि रोजचा गुळाचा खडा सुरू केला. फिरणे आठवड्यातून दोनदा, तेही रविवार धरून.

कमी चाऱ्यावर तगून राहणाऱ्या काटक जातींत अशा खुराकाने रक्तातील इन्सुलिन वाढते आणि त्या वाढीव इन्सुलिनमुळेच खुरातील ती पापुद्र्यांची गुंतवण ताणली जाते. हा लॅमिनायटिस झटक्याने येत नाही. घोडी लंगडत नाही, फक्त खडीवर जपून चालते आणि आपण तिला आळशी ठरवतो. खुणा खुरावर असतात: भिंतीवरच्या आडव्या वळ्या टोकाकडे एकमेकींजवळ आणि टाचेकडे फाकलेल्या दिसतात, पांढरी रेघ टोकाला रुंद होते आणि साळताना तिच्यात जुन्या रक्ताचे लाल-तपकिरी डाग दिसतात. खुणा मानेवरही असतात, अयाळीखालचा कणा जाड आणि टणक होतो. आमच्या घोडीत यातले सगळे होते आणि आम्ही त्या मानेला ‘भरली आहे’ असे कौतुकाने म्हणत होतो. ताणलेल्या पापुद्र्यांत मेलेले ऊतक साठते, फाकलेल्या रेघेतून पावसाळ्यात जंतू येतात, आणि पू होतो. पावसाने फक्त निमित्त पुरवले. दरवाजा हिवाळ्यापासून खुराकाच्या पाटीतून उघडला जात होता.

गूळ आणि धान्य पूर्ण बंद केले. सुक्या चाऱ्याचे प्रमाण वजनाच्या दीड टक्का धरले, तीनशे किलोच्या घोडीला दिवसाला साडेचार किलो, चार-पाच वेळा विभागून, जाळीतून. उपाशी मात्र ठेवले नाही. लठ्ठ तट्टांना अचानक उपास घडला तर रक्तात चरबी साचून जीव धोक्यात येतो. पहिल्या पावसानंतर उगवलेल्या कोवळ्या गवतावर तिला मोकळे सोडणे थांबवले. पाय ठीक झाल्यावर रोज तासभर टणक, सपाट रस्त्यावर चालवायला सुरुवात केली. खूर दर पाच आठवड्यांनी साळून टोक मागे आणले, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बायोटिन हे जीवनसत्त्व सुरू केले, ज्याचा परिणाम दिसायला नवी भिंत खाली येईपर्यंत, म्हणजे नऊ-दहा महिने थांबावे लागते.

लॅमिनायटिसची ही मंद आवृत्ती झाली. घोडा धान्याच्या कोठीत शिरून पोटभर खाऊन आला असेल, तर पाय दुखण्याची वाटच पाहू नये. डॉक्टर येईपर्यंत चारही खुरे बर्फाच्या पाण्यात ठेवावीत. हा गारवा पहिले दोन-तीन दिवस अखंड मिळाला तर पापुद्रे वाचण्याची शक्यता वाढते, आणि नंतर दिलेल्या बर्फाचा तसा उपयोग होत नाही. त्याला ‘जिरावे म्हणून’ फिरवणे सर्वांत वाईट. एकोणीसशे त्र्याहत्तरचा ट्रिपल क्राउन विजेता, म्हणजे अमेरिकेतील तीन मोठ्या शर्यती एकाच वर्षी जिंकणारा घोडा, सेक्रेटॅरिएट १९८९ मध्ये लॅमिनायटिसनेच गेला, आणि त्याच्या देखभालीत पैशाची कमतरता असण्याचा प्रश्नच नव्हता.

बदलांनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात घोडी ऑगस्टमध्ये एकदा लंगडली. पाय उजवा होता, नाडी थोडी उडत होती, चिमटा बाहेरच्या बाजूला लागला आणि हलके कोरल्यावर फक्त लाल डाग दिसला. दोन दिवसांपूर्वी आम्ही तिला ओढ्यातल्या दगडांवरून आणले होते. चार दिवस तिला खडीच्या कोरड्या पट्ट्यावर ठेवले, काहीही बांधले नाही, पाचव्या दिवशी ती रस्त्याने सरळ चालली. जुन्या दुखऱ्या डाव्या खुरावरची जूनची ती चीर तोपर्यंत खाली सरकत साळण्यात निघून गेली होती, आणि तिच्यामागून आलेली भिंत एका कोनात, वळ्यांशिवाय, उतरलेली होती.